बटणावरचं नुसतं कुंकू

दादा,

मी मिरजेला मायामावशीकडं चाललेय. लॅपटॉप सोबत नेतेय. आईला ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग.

दसऱ्याला सुरूच होत नव्हता तो लॅपटॉप चालू झाला. "लय जुना झालाय, अपडेटनं बिघडला असंल," म्हणाला होतास ना? ऑफिसातल्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं तसं मी तो सुरू होतानाच एफ टू दाबत राहिले आणि आतल्या सेटिंगमध्ये गेले. तिथं बूटचा, म्हणजे सुरू व्हायचा, मोड बदललेला होता आणि आधी पेनड्राइव्ह वाचायचा असं लावलेलं होतं. सगळं पहिल्यासारखं केलं, तसा झटक्यात उघडला. पासवर्ड माहीत नसताना आत शिरायचं असलं की लोक असं करतात, असं ती म्हणाली. आपोआप असं होत नाही.

मेढ्याचं स्थळ आल्यापासून मी कुणाशी बोलते ते तुला बघायचंय, व्हय ना? तोंडानं विचारलं असतंस तर नाव सांगितलं असतं.

खंडेनवमीला आबांच्या कोयत्यांशेजारी लॅपटॉप मीच पूजेला मांडला होता. दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो. तू लावलास, आणि बोटानं पुसलेलं कुंकू आठवणीनं परतही लावलंस.

पण मी चालू करायच्या बटणावर आधी हळद लावली होती, मग कुंकू. दसऱ्याला सकाळी तिथं नुसतंच कुंकू होतं. आपल्या घरातली कुठलीच बाई असं लावत नाही, आणि आबांना ते बटण कुठं असतं हेसुद्धा ठाऊक नाही.

शिवांजली