पहिल्या मिठाचं गाणं

६ एप्रिल २०२५

आठ गाणी पूर्ण. नववं अर्धं. आणि वाजवणारा गेला!

चंद्रहास, माझा नवरा, जाऊन महिना होतोय. त्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डिलनच्या घरी, राजोडीला, आज चंद्रहासचा अल्बम ऐकला. ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं संगीत – साथीला काही नाही, नुसती गिटार. आईंच्या खोबरेलाच्या बाटलीची मान कापून केलेली ती काच तारांवरून सरकते आणि सूर खेचला जातो – मिठागरातल्या बायका शेवटचं अक्षर ओढतात, अगदी तसा. "त्यांचं कापसाच्या शेतातनं आलं, माझं आगरातनं," म्हणायचा.

नवव्या गाण्यात शेवटाकडे गिटार एकदम थांबते. ती जागा आईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, आवाजासाठी. पण त्या शांततेत एक एकटाच सूर राहिलाय. "वैनी, ही चूक दिसते. काढू?" काढ म्हटलं. आधी आजींचा आवाज भरू, मग काढतो, डिलन म्हणाला.

८ एप्रिल

आई नाही म्हणाल्या. हे गाणं वर्षातून एकदाच, पहिलं मीठ ओढताना. एरवी तोंडातून काढायचं नाही.

मी तासभर बोलले. स्मृती, इतिहास, लोकांचा वारसा – भरसभेत पुढाऱ्यांना गप्प करणारी मी! आई लसूण सोलत होत्या.

"मीठ नाय, तं गानं कशाचं?"

आगर बुजवलं तेव्हाही मी असंच बोलले होते. टाळ्या पडल्या. डंपर येतच राहिले.

९ एप्रिल

डिलन म्हणतो, दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ. भडकले त्याच्यावर. नवऱ्याने जागा आईसाठी सोडलीय, कुठल्याही गळ्यासाठी नाही!

घरी येऊन रडले.

११ एप्रिल

भाषण बंद. राजोडीहून समुद्राचं पाणी आणलं, कॅन भरून. रिक्षावाला विचारतो, पूजा आहे का? विरारच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर काळं प्लास्टिक पसरलं, कडेने विटा लावल्या. सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन गेले. डास होतील म्हणे. खाऱ्या पाण्यात, या उन्हात!

१४ एप्रिल

आई आपणहून गच्चीवर आल्या. पाण्यात बोट बुडवून चाटलं.

"लय पानी भरलंस. पातल ठेव."

निम्मं उपसलं.

१८ एप्रिल

कडेला पांढरी साय धरली.

२० एप्रिल

सकाळी डिलन माइक घेऊन गच्चीवर आला. एक हेडफोन आईंच्या कानाला, एक माझ्या. गिटार सुरू झाली. आई फळीने मीठ ओढू लागल्या, आणि गायल्या. आवाज फाटका, पण चंद्रहासच्या लयीत – नाही, तोच त्यांच्या लयीत होता.

गाण्याच्या शेवटी, पहिली मूठ ज्याची, त्याला हाक मारायची असते. त्याने ओ द्यायची. हे मला आज कळलं.

गिटार थांबली.

"चंद्या रं..."

आणि कानात तो एकटा सूर आला.

आईंनी मिठाची मूठ पुढे केली.