केरात न सापडलेलं

कारापूर,
चतुर्थीनंतरचा रविवार

प्रिय ऋतिकाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील की काय, अशी धास्ती वाटते. ठेवलंस तरी टाकू मात्र नकोस. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेल पाठवायचा मला धीर होत नाही, कारण या घरात तुझ्या मेलचं काय झालं ते तू बाबांच्या बाराव्याच्या दिवशी पाहून गेलीस. म्हणून कागद घेतला. आधी कच्चं लिहिलं आणि आता ऱ्हस्व-दीर्घ तपासून पक्कं करतो आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण तू लाल पेनाने लावलेली सवय सुटली नाही.

आई बरी आहे. गुडघा धरतो, तरी सकाळी विहिरीवर स्वतःच जाते. वर्ष झालेलं नाही म्हणून यंदा गणपतीवरची फळांची माटोळी साधीच बांधली आणि आपल्याकडे तळणाची कढई ठेवली नाही. शेजारच्या पद्मावतीकाकूंनी नेवऱ्या, आपल्या करंज्या, आणून दिल्या. आईने त्यातली एक बाजूला काढली आणि कोणासाठी काढली हे विसरल्यासारखी हातात धरून बसली. बाबांना नेवरी थोडी करपलेली आवडायची, तुलाही. मी अजून सुर्ल्यालाच खाणीच्या वजनकाट्यावर आहे. खनिजाच्या जुन्या ढिगांची वाहतूक परत सुरू झाल्यापासून ट्रक असतात. घरी येतो तेव्हा पापण्यांवर लाल धूळ असते आणि आई म्हणते, "आधी पाय धू, मागीर उलय," म्हणजे बोलायचं ते मग बोल. बाबा गेल्यावर ती थोडी बाबांसारखी बोलायला लागली आहे.

तो बाराव्याचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पंगत उठली होती, भटजी निघाले होते, आणि तू खांबाला टेकून बसली होतीस. तू बाबांच्या मेलचा पासवर्ड विचारलास. तो देवघराच्या फळीवर पंचांगाच्या मागे लिहिलेला होता, तो मी दिला. तू तुझ्या फोनवर मेल उघडलास. इनबॉक्समध्ये बँकेची पत्रं होती, विजेची बिलं होती, कुठल्याशा खताच्या जाहिराती होत्या, कित्येक वर्षांच्या, एकही न काढलेली. तुझं एकही पत्र नव्हतं. मग तू ट्रॅश उघडलास आणि तो रिकामा निघाला. मी आत जाऊन बाबांचा कॉम्प्युटर लावला. तिथेही तो रिकामाच होता. तेव्हा तू म्हणालीस, "खताच्या जाहिराती ठेवल्यान, गौरेश. आणि माझं केरातसुद्धा ठेवूंक ना." आईने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत तू विमानतळावर गेलीस.

मलाही त्या वेळी तसंच वाटलं होतं. त्यांचा राग मी पाहिला होता. ते मी तुला टोचण्यासाठी लिहीत नाही. तुला पोर्तुगालचा पासपोर्ट हवा होता; गोव्यात त्यांचं राज्य असताना जन्मलेल्यांच्या मुलांना तो मिळतो, पण त्यासाठी आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवावा लागला. त्या अर्जावरची त्यांची सही तू बागेच्या कागदांबरोबर घेतलीस, त्यांना न सांगता. साखळीच्या बाजारात कोणीतरी सगळ्यांदेखत त्यांना म्हणालं, "कितें कृष्णनाथबाब, पुर्तुगेज जाल्यात म्हण आयकलें! आमकां वळखतले मरे?" लोक हसले. बाबा मासळीची पिशवी तिथेच ठेवून घरी आले. आजोबांच्या पाठीवरचे वळ त्यांनी लहानपणी स्वतःच्या हाताने तेल लावून चोळले होते, आणि ज्या पोर्तुगीजांनी ते उठवले त्यांच्या वहीत आता आपलं नाव आहे, हे त्यांना सोसलं नाही. त्या संध्याकाळी देवासमोर वात पेटवताना ते म्हणाले की या घरात तिचं नाव काढायचं नाही. देवासमोर बोललेला शब्द बाबा मागे घेत नसत, हे तुला माहीत आहे. तू इंग्लंडला गेलीस. तुझे फोन त्यांनी कधी घेतले नाहीत.

पण रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटर लावायचे. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाले तरी ही एक सवय राहिली होती. आई म्हणायची, "आता कोणाची हजेरी घेतात हे?" मला वाटायचं, बँकेचं काहीतरी बघत असतील.

तू गेल्यापासून तो रिकामा ट्रॅश माझ्या डोक्यात घोळत राहिला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. गॅस बंद केलेला असला तरी मी उठून पाहतो. जाहिरातसुद्धा न काढणारा माणूस केराचा डबा इतका स्वच्छ कसा ठेवतो, हे मला पटेना. पावसात काटा बंद असायचा तेव्हा मी त्या प्रोग्रामची मदतीची पानं वाचायला लागलो. ती इंग्रजीत होती, म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचो. काही लोकांचा ट्रॅश प्रोग्राम बंद करताना आपोआप रिकामा होतो, असं तिथे लिहिलं होतं. ती खूण पाहिली, तर केलेली नव्हती. कधीकधी काढलेलं पत्र कुठे जातच नाही, जागेवरच लपतं, असंही होतं. तेही तपासलं. घरातली गोष्ट दुकानात न्यायची नाही म्हणून साखळीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या परेशला विचारलं नाही, नाहीतर एका दिवसात कळलं असतं. शेवटी एका पानावर वाचलं की डिलीट केलेलं पत्र कुठे जावं हे ज्याचं त्याला ठरवता येतं. मी ती जागा उघडली. तिथे ट्रॅशचं नाव नव्हतं. तिथे मराठीत लिहिलं होतं, निर्माल्य.

ताई, मी खुर्चीवरून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

तुझी चौथीची वही आठवते? वर्ष संपल्यावर तू ती केरात टाकली होतीस. बाबांनी ती बाहेर काढली, झटकली, कपाळाला लावली आणि देवाच्या फुलांच्या वेताच्या टोपलीत ठेवली. आपल्या घरी अक्षर असलेला कागद कधी केरात गेलाच नाही. लग्नाच्या पत्रिका, जुनी पंचांगं, माझी नापास झालेली प्रगतिपुस्तकंसुद्धा देवाच्या उतरलेल्या फुलांबरोबर त्या टोपलीत जायची आणि बाबा सायकलवरून ती वाळवंटी नदीवर नेऊन पाण्यात सोडायचे. तू चिडवायचीस, "बाबा, ह्याचे मार्क बुडवल्यार वाहून दर्यांत पावतले." त्या घरात आपण दोघं वाढलो. आणि त्या माणसाने तुझी पत्रं कुठे ठेवली असतील, हे आपण दोघांनी केरात शोधलं.

ते फोल्डर कॉम्प्युटरच्या आत होतं, सगळ्यात खाली, एका लहानशा बाणामागे मिटलेलं. म्हणून तुझ्या फोनवर ते दिसणं शक्यच नव्हतं. बाण दाबला. त्यात फक्त तुझी पत्रं आहेत. बँकेचं काही नाही, खताचं काही नाही. त्यांनी डिलीटचं बटण फक्त तुझ्यासाठी ठेवलं होतं. तुझं नाव पडद्यावर राहू नये, आईला किंवा मला दिसू नये, म्हणून काढायचे. दिलेला शब्द पाळायचे. पण केरात टाकत नव्हते.

मग मात्र मी परेशकडे गेलो. ते त्यानेच करून दिलं होतं. तुझं पहिलं पत्र बाबांनी काढलं तेव्हा ते केराच्या डब्याच्या चित्राखाली गेलेलं त्यांना दिसलं आणि ते अस्वस्थ झाले. सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. परेश म्हणाला, "हांवें सांगलें काकांक, हो केर खरो न्हय, चित्र तें." त्यावर बाबा म्हणाले, "चित्र देवाचेंय आसता. ताका कोण पांय लायता?" परेशने हसत जागा बदलून दिली आणि नाव काय देऊ म्हणून विचारलं. बाबांनी नाव स्वतःच्या बोटाने टाइप केलं. अक्षरं शोधायला त्यांना बराच वेळ लागला, पण परेशला हात लावू दिला नाही.

इथेच पत्र संपवावं असं मला फार वाटलं. इथवर कच्चं लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. इतकं वाचून तुला बरं वाटलं असतं आणि मला खोटंही लिहावं लागलं नसतं. पण अर्धं सांगणं आणि लपवणं यात फार फरक नाही.

बाबा शेवटी मला पेपर वाचून दाखवायला सांगायचे. चष्म्याचा नंबर बदलला आहे, चतुर्थी झाली की नवा करू, असं म्हणायचे. चतुर्थी आली आणि गेली. निधनवार्ता आधी वाचायला लावायचे आणि ओळखीचं कोणी निघालं की "तोय गेलो" म्हणायचे. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. बोट भाजलं तर आईला म्हणायचे, "कप वायट तुजे." माजघरातून जाताना हात भिंतीला लागलेला असायचा. मधुमेह डोळ्यांत उतरला होता. आईला संशय होता, पण ती बोलली की ते पंचांग उघडून आजची तिथी म्हणून दाखवायचे. ती त्यांना तोंडपाठ होती हे आम्हाला नंतर कळलं.

परेशकडे ते पुन्हा एकदा गेले होते. त्याला म्हणाले, माझ्या मुलीचं पत्र आलं की ओळ लाल होऊ दे. अक्षर बारीक वाटत असेल म्हणून परेशने विचारलं, "अक्षर व्हड करूं, काका?" ते म्हणाले, "अक्षर रावूं दी. कोणाचें तें कळ्ळें म्हणजे जालें." त्याने तसं करून दिलं. मी तो कॉम्प्युटर लावून पाहिला. डोळे अगदी बारीक करून, सगळं पुसट करून पाहिलं, तर फक्त लाल रेघ दिसते.

त्या प्रोग्राममध्ये उघडलेलं पत्र बारीक अक्षरात दिसतं आणि न उघडलेलं ठळक. निर्माल्यात तुझी सुरुवातीची सगळी पत्रं बारीक आहेत. ती बाबांनी वाचली आहेत. काही पुन्हा पुन्हाही वाचली असतील. पण त्यानंतरची, त्यांच्या शेवटच्या वर्षातली, सगळी ठळक आहेत. लाल दिसली, तुझी आहे हे कळलं, आणि न उघडता फुलांत ठेवली. वाचायची नव्हती म्हणून नव्हे, वाचता येत नव्हती म्हणून. मी त्याच टेबलावर त्यांच्या शेजारी बसून जिल्ह्याच्या बातम्या मोठ्याने वाचत होतो. मला नुसतं म्हणाले असते, गौरेश, हेंय वाच, तर मी वाचलं असतं. पण मग तुझं नाव या घरात निघालं असतं. ते त्यांना जमलं नाही.

ती ठळक पत्रं मी उघडलेली नाहीत. उघडली तर ती बारीक होतील आणि वाचणारा मी असेन. तुझी आणि त्यांची गोष्ट आहे ती. आई म्हणते, निर्माल्य घरात किती दिवस ठेवतात? तिचंही बरोबर आहे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्यासाठीच हे लिहितो आहे. तू ये. येऊन ती पत्रं तूच उघड आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाच. आई तुझं नाव घेऊन तुला आत घेणार आहे, तसं तिने मला सांगितलं आहे. सुटी मिळाली नाही तर त्या सकाळी फोन कर आणि तिथून वाच, मी फोन खुर्चीवर धरून उभा राहीन. त्यांना दिसत नव्हतं, ताई, पण ऐकू अगदी शेवटपर्यंत चांगलं यायचं. मागच्या बागेत एक सुपारी पडली तरी मान वर करायचे.

तुझाच,
गौरेश