येवसेईचा उद्धार

२८ मार्च, लाझारसचा शनिवार

पहिल्या आल्या त्या पाद्रीणबाई, धापा टाकत. मागून त्यांचे यजमान, पाद्रीबाबा पामफिल, बूट चिखलाने भरलेले, सगळं घर माखलं. असो. विषय आमच्या भाडेकरू येवसेईचा. पूर्वी देवळातल्या घंटा वाजवायचा, वोदकापायी काम गेलं. बाबा म्हणाले, ईस्टरपर्यंत दारूला शिवला नाही आणि दूध, अंडी, मांस न खाण्याचा उपास मोडला नाही, तर घंटा पुन्हा त्याच्या. पाद्रीणबाईंनी नाक मुरडलं, हा आणि उपास! मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

नात लिपा मला कादंबऱ्या वाचून दाखवते ना. सगळ्यांत तेच. माणूस पापात मेलेला, कुणीतरी जीव लावतं, की तो येशूने थडग्यातून उठवलेल्या लाझारससारखा उठून बसतो. काय रडते मी! काय सुख! आता येवसेईला मी उठवणार.

३० मार्च, सोमवार

जीव लावला. तो कोबीचं सूप पीत होता, तोवर समोर बसून पापी लोकांचं सांगितलं. म्हणाला, आजी, घास तरी गिळू द्या. फरक पडतोय.

२ एप्रिल, गुरुवार

ईस्टरची पास्खा केली. चक्का, लोणी, अंडी, मनुका. लाकडी साच्यात दाबून तळघरात ठेवली. उपास सुटेपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. मी लावलं नाही. गोडी पाहिली फक्त, चमच्याने. करणारीने नाही पाहायची तर कुणी?

३ एप्रिल, शुक्रवार

येशूच्या मरणाचा दिवस, आज पाणीसुद्धा जपून. पण काल सर्दी होती, जिभेचा काय भरवसा? परत पाहिली. एक बाजू खचली, म्हणून दुसरी सारखी केली. मग पहिली उंच दिसायला लागली.

४ एप्रिल, शनिवार

पास्खा आशीर्वादाला न्यायची म्हणून पाद्रीणबाई आल्या. लिपाने फडकं काढलं आणि किंचाळलीच. अर्धी गायब. पाद्रीणबाई येवसेईकडे बघून म्हणाल्या, घ्या, उठलं तुमचं मढं! मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात येवसेईने टोपी काढली, म्हणाला, मीच खाल्ली.

इतका आनंद झाला मला! कबुली द्यायला शिकला, माझ्या मायेने. मग आठवलं, खाल्ली तर मी. उद्या सांगते. आज देवळात गर्दी.

५ एप्रिल, ईस्टर

पाद्रीबाबा आणि बाई जेवायला आले. घंटा आता बाईंच्या पुतण्याला. मी म्हटलं, बाबा, ती पास्खा... सगळे बघायला लागले. म्हटलं, यंदा मनुका छान होत्या.

येवसेईने रीतीप्रमाणे गालांवर तीनदा ओठ टेकले, लाल अंडं हातात दिलं आणि कानात म्हणाला, आजी, उपास सुटला, आता उघडपणे खा. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. का रे घेतलास माझा आळ, विचारलं. म्हणाला, माझ्यावर तो शोभतो, तुम्हाला पेलला नसता.

ईस्टरच्या या आठवड्यात रीतच आहे, कुणीही घंटाघरात चढून घंटा वाजवतं. येवसेईही गेलाय. ऐकू येतंय. त्याचाच हात, ओळखते मी.

लिपा म्हणाली, आजी, पुस्तक वाचू? नको म्हटलं.

पाद्रीबाबा आणि बाई थॉमसच्या रविवारी, म्हणजे पुढच्याच, परत येणार आहेत, चहाला. पुतण्याच्या हातात घंटेचा दोर द्यायचा तोही त्याच दिवशी, नंतर. म्हणजे चहाच्या वेळी सांगितलं तरी चालेल.

रविवार, बारा तारीख. लिहून ठेवलं.