हरकत नाही

बुधवार, ४ मार्च
शिवणखोली, दुपार

चि. गोट्या,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत. कोर्टात भांडणाऱ्यांनी पत्रातून गुडघ्याची चौकशी करावी की नाही, हे मी वकीलबाईंना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

सोमवारी माझ्या अपिलात स्थगिती मिळाली हे तुला माहीतच आहे, तू पलीकडच्या बाकावर बसला होतास. खालच्या कोर्टाने शिवणखोली तुझ्या ताब्यात द्यायला सांगितली होती. कागद तुझ्या नावाचा आणि आईचा शब्द मला, तेव्हा कोर्ट कागदालाच धरून चालणार. पण आता अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो हुकूम थांबला. शनिवारी ताबा घ्यायला बेलीफ येणार होता, तो येत नाही. दातांच्या दवाखान्यासाठी तू खुर्चीसुद्धा पसंत करून ठेवलीस म्हणे. तिला जरा धीर धरायला सांग. मला इतका आनंद झाला की मी भररस्त्यात वकीलबाईंना मिठी मारली आणि त्यांचा चष्मा वाकवला.

पण त्यानंतर इथे जो तमाशा झाला, तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खालचा निकाल लागल्यावर आम्ही हात टेकले होते. मशिनांचे जमिनीत आवळलेले बोल्ट काढले, कात्र्या खोक्यांत भरून खोकी बांधली, पाटी उतरवली. बायका रडत होत्या आणि कटिंगमास्तर सगळ्यांवर खेकसत होते, म्हणजे तेही रडतच होते. अशात स्थगितीचा हुकूम आला. त्यात दोन अटी. जागेत काही बदल करायचा नाही आणि जागा कुणा तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

मास्तरांनी तो वाचला आणि दारात आडवे उभे राहिले. "कुणी कशाला हात लावायचा नाही! बोल्ट निघालेत ना? मग निघालेलेच राहतील. खोकी बांधलीत? बांधलेलीच राहतील."

"अहो मास्तर, मग शिवायचं कसं?"

"ते कोर्टानं लिहिलेलं नाही."

आणि मलाही ते पटलं बघ! एकदा हरलेलं माणूस शिंकायच्या आधीसुद्धा परवानगी मागतं. शाळेच्या गणवेशांचं काम तर अंगावर. तसंच बसलो. मोटार सुरू केली की मशीन धडधडत पुढे सरकायचं. आमच्या शिलाईवाल्या मावशी बाही जोडायला खिडकीपाशी बसल्या आणि बाही पुरी होईतो दारापाशी पोचल्या, स्टूल ओढत मशिनाच्या मागे मागे. कात्र्या खोक्यांत, म्हणून सगळ्याजणी दातांनी दोरे तोडत होत्या. आणखी आठवडाभर चाललं असतं, तर तुझा दवाखाना जागेविनाच भरभराटीला आला असता.

आज सकाळी वकीलबाई हुकुमाची नक्कल द्यायला आल्या. त्यांनी दारापर्यंत चालत आलेलं मशीन पाहिलं, मास्तरांचं स्पष्टीकरण ऐकलं आणि खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, भिंती पाडू नका, जागा विकू नका, एवढंच आहे ते. आवळा ती मशीनं आणि लागा कामाला!"

"मग तसं लिहायचं ना," मास्तर म्हणाले.

त्यानंतर जो दंगा झाला! खोकी फुटली, पाने-पक्कड निघाले, मावशी जमिनीवर पालथ्या पडून बोल्ट आवळत होत्या. पाटी पुन्हा चढली, जरा तिरकीच. आम्ही तिला तशीच ठेवली.

आता गुडघा झाला, खोकला झाला, मास्तर झाले. ज्यासाठी लिहायला बसले ते अजून राहिलंच आहे.

सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, समोरच्या पक्षाची स्थगितीला हरकत आहे का? तुझा वकील एवढं जाडजूड बाड घेऊन उठला. तेवढ्यात तू मागून त्याच्या कोटाचं टोक ओढलंस. तो वाकला, तुझं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "हरकत नाही."

तू लगेच खाली बघायला लागलास. लहानपणी आपल्या वाटणीचा मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवून असाच खाली बघायचास. गोट्या, खोली वाचली याचा आनंद आहेच, पण दोन दिवस मी जी नाचते आहे ती त्या कोटाच्या टोकामुळे.

अपील मी चालवणारच. तूही लढ, आणि मन लावून लढ, नाहीतर जिंकण्यात मजा नाही.

सगळी मशीनं घट्ट बसली. आईचं तेवढं राहिलं आहे. त्याच्या मागच्या बोल्टचे आटे गेलेत. त्याला दोरा गुंडाळून बसवायची युक्ती तुझी. मास्तरांनी केली, मी केली, पण बोल्ट काही धरत नाही. रविवारी ये. दोरा माझा, पाना तुझा. वहिनीलाही आण.

आणि कोर्टाच्या अटीची काळजी करू नकोस. जागा तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही, एवढंच त्यांनी म्हटलंय. आईला आपण दोघंच.

वाट पाहणारी अपीलकर्ती,
तुझी ताई