दुभाष्या मामाचा तास

४ जुलै

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसता हूं हूं करतोस आणि मी मुद्द्यावर आले की तुला नेमकं कोणीतरी बोलावतं. आता पत्राला हूं हूं करून दाखव बघू!

इकडे सगळे खुशाल. हे निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराच्या हात धुऊन मागे लागलेत. डबे उंचीप्रमाणे लावलेत, त्यामुळे साखर कुठे आणि मीठ कुठे, हे मला माझ्याच घरात यांना विचारावं लागतं. चिमी यंदा माझ्याच शाळेत आली, उंच झाली आहे आणि उलटं बोलायला शिकली आहे. तुझी आठवण मात्र उठता बसता काढते. मामासारखं दोन तोंडांनी बोलायचंय म्हणते.

आता मुद्दा. माझा जपानीचा वर्ग बंद करायचं घाटतं आहे. निदान पंधरा मुलांनी यंदा विषय घेतला नाही, तर ती खोली यंत्रमानवाच्या वर्गाला द्यायची, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं. जिन्यात! बसवून सांगण्याइतकीही बातमी मोठी नव्हती त्यांच्या लेखी. खोली तू पाहिली आहेस. खेळाच्या सामानाची अडगळ होती ती, अजून कपाट उघडलं की चेंडूच्या रबराचा वास येतो. तिथेच माझी पोरं पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने फळ्यावर अक्षरं काढतात आणि पहिलं वाळून जायच्या आत दुसरं काढायची शर्यत लावतात. हा वर्ग गेला की मीही गेले. मला शाळेत दुसरा विषय नाही, आणि या वयात दुसरी शाळा मला दारात तरी उभं करेल का?

म्हणून बाईंच्या मिनतवाऱ्या करून एक तास मागून घेतला आहे. आशियातल्या भाषा शिकून पोट भरणारी माणसं मुलांसमोर आणायची, त्यांनी आपल्या कामाच्या गोष्टी सांगायच्या आणि तास संपताना ज्यांना विषय हवा त्यांनी हात वर करायचे. चिनी येणाऱ्या, मालखरेदीचं काम बघणाऱ्या एक बाई येताहेत. कोरियन रुग्णांची देखभाल करणारी एक परिचारिका येते आहे. आणि माझा भाऊ येतो आहे. नाही म्हणालास तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही, आणि त्याने तुझ्या डोक्याला किती शांतता मिळेल याचे हिशेब मांडत बसू नकोस.

आहे तो लोभ वाढव, आणि ये.
तुझी ताई


११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हूं.

ताई, मला कशाला यात ओढतेस? मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगू? आमच्या कारखान्यात आता प्रत्येकाच्या गळ्यात एकेक डबडं अडकवलं आहे. इकडून जपानी घातलं की तिकडून आपली भाषा बाहेर. बैठकीत मी कोपऱ्यात बसतो. डबडं अडलं की सगळे माझ्याकडे बघणार, असं ठरलेलं आहे, पण मेलं हल्ली अडतच नाही. परवा त्याने एक विनोदसुद्धा बरोबर सांगितला. सगळे खो खो हसले आणि मी एकटा रडकुंडीला आलो. माझं टेबल पुढच्या महिन्यात उचलायचं नक्की झालं आहे. भाऊजींना इतक्यात सांगू नकोस, ते मला डबे लावायला बोलावतील.

पण तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालंय? येतो. सोबत थोरल्या साहेबांना आणतो. हे जपानी इंजिनियर इथे आले तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, त्यांचा आवाज मीच आहे. ते आता कायमचे घरी चालले आहेत. मुलांना खरा जपानी माणूस जपानी बोलताना तरी ऐकू दे. माझ्या भाषणापेक्षा ते बरं.

एक मात्र आठवणीने कर. आमच्या धंद्यात 'साहेब म्हणतात' असं म्हणायचं नसतं. साहेब 'मी' म्हणाले की मीही 'मी'च म्हणतो. त्यातून टिपणं घेताना माझी मान खाली असते. हे मुलांना आधी समजावून ठेव, नाहीतर त्यांना वाटेल की हे काका स्वतःचंच पुराण लावून बसलेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बापू


२४ जुलै

चि. बापूस,
आशीर्वाद आहेतच, म्हणून तर लिहिते आहे.

कालपासून डोकं धरून बसले आहे. परिचारिकेला ऐनवेळी जादा पाळी लागली, ती आलीच नाही. मालखरेदीवाल्या बाई फोन कानाला लावून आल्या आणि फोन कानाला लावूनच गेल्या. त्यांचं चिनी मुलांना ऐकू आलं ते दाराबाहेर कुणावर तरी खेकसतानाचं. मग उरलात तुम्ही दोघं. म्हटलं, चला, माझा भाऊ आहे, तो सावरून घेईल.

काय सावरलंस रे! साहेब म्हणाले, मी इथे बारा वर्षं राहिलो, इथली भाषा येत नाही म्हणून माझं काही अडलं नाही. तू तेच म्हणालास. साहेब म्हणाले, आता तर यंत्रं आली आहेत, मुलांनो, भाषेत वर्षं घालवू नका, यंत्रं शिका. तू तेच म्हणालास, आणि तेही कसं छान खणखणीत! शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, की इतक्या वर्षांत काय मिळालं. म्हटलं, आता तरी काही बरं निघेल. तर उत्तर काय, की पहिल्या वर्षी थोडा प्रयत्न केला, मग सोडून दिला, त्यातून काही मिळालं नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा जाताना मला म्हणाला, की ते काकाच सांगत होते ना शिकू नका म्हणून.

अरे, एखादं वाक्य गिळायचं होतंस! 'यंत्रं आहेत, तरीही भाषा शिकाच' एवढं पदरचं घातलं असतंस तर त्या साहेबांना काय कळणार होतं? मी माझ्या बाजूचा म्हणून एक माणूस आणला आणि त्यानेच माझ्या वर्गावर नांगर फिरवला. किती हात वर झाले ते आज लिहीत नाही, बाई सोमवारी काय म्हणतात ते बघू. पण मला दिसतंय मला काय दिसायचं ते.

लोभाचं या खेपेला तूच बघ.
ताई


२९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलीस, रागाव. तुझा हक्कच आहे. पण पदरचं घालायला मला सांगू नकोस. साहेब माझ्याकडे कधी मान वळवून बघायचे नाहीत, कारण त्यांना खात्री असायची की मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. त्यांच्या बायकोच्या आजाराबद्दल डॉक्टर जे बोलले, तेही मी जसंच्या तसं सांगितलं. मऊ केलं नाही. बाहेर येऊन जिन्यात रडलो, पण आत मऊ केलं नाही. तिथे केलं नाही ते तुझ्या वर्गासाठी कसं करू?

आणि मुलांना आधी सांगून ठेव असं मी लिहिलं होतं. सांगितलंस?

राग येणारच आहे, तर एकदाच येऊ दे. साहेब चुकीचं बोलताहेत असं मला वाटलं असतं, तर माझी जीभ थोडी तरी अडखळली असती. नाही अडखळली.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिण्यात अर्थ नाही. पण माणूस म्हणून टाकू नकोस.
बापू


६ ऑगस्ट

चि. बापूस,
अ. आ.

नाही सांगितलं. पडद्याची वायर सापडत नव्हती, बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या गडबडीत साफ विसरले. माझंही चुकलं. झालं समाधान?

हात वर झाले चार. वर्ग बंद. बाईंनी या वेळी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मी काय ते समजले. पुढच्या महिन्यापासून मला शाळेत यायचं कारण नाही. यंत्रमानवाचे सर चांगले आहेत बिचारे, फळा ठेवायचा की काढायचा हे मलाच विचारायला आले. काढा म्हटलं. यांनी माझी समजूत घातली, की आता दोघं मिळून स्वयंपाकघर बघू. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला त्याचं कुणालाही काही पडलेलं नाही, हे पचत नाही रे.

आणि त्या चार हातांत चिमीचा हात नव्हता. पोटची पोर, बापू! लहानपणापासून मामासारखं व्हायचंय म्हणणारी. का, म्हणून तिला विचारायचा मला धीर होत नाही. तू विचार. तुला सांगेल.

तुझ्यावर रागावून आता काही उरणार नाही, म्हणून रागावत नाही. येत जा.
ताई


१४ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. (असं लिहायचं असतं म्हणून बाबांनी सांगितलं. आईला हे पत्र माहीत नाही.)

मी हात का वर केला नाही असं तू विचारलंस. मग ऐक.

तो शेवटचा प्रश्न माझा होता. मागच्या बाकावर मीच होते. शाळेत मामा मामा करायचं नाही, असं आईने घरून निघतानाच बजावलं होतं. म्हणून मी सगळ्यांसारखी उभी राहिले आणि विचारलं, की तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत घालवलीत, त्यातून तुम्हाला काय मिळालं. मी तुलाच विचारलं होतं. साहेबांनी कुठे शिकलीय कुणाची भाषा? तू शिकलास ना! मी तुझ्याकडेच बघत होते. आई तेव्हा खाली वाकून वायर गुंडाळत होती, विचारणारी मी आहे हे तिला कळलं नाही. तू मान खाली घालून वहीत लिहिलंस आणि माझा प्रश्न जपानीत करून साहेबांना देऊन टाकलास.

मग ते बोलले आणि तू ते सांगितलंस. ते त्यांचं होतं हे मला कळत होतं, मी काही त्या पहिल्या बाकावरच्यासारखी बावळट नाही. मी उभीच राहिले होते. मला वाटलं, आता मामा वर बघेल आणि स्वतःचं सांगेल. तू पाणी प्यायलास आणि वही मिटलीस. मग आईने हात वर करायला सांगितलं. मला वाटलं, सांगण्यासारखं काही असतं तर मामाने सांगितलं असतं. म्हणून नाही केला.

आई रोज शाळेतून एकेक पिशवी आणते आणि पलंगाखाली सरकवते. माझ्याशी अगदी नीट बोलते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तर आता सांग ना. काय मिळालं?

तुझीच, आणि रागावलेली,
चिमी


३० ऑगस्ट

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतके दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. उत्तराला उशीर झाला.

परवा साहेबांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. सामान आत गेलं, सगळ्यांशी हात मिळवून झाले. मग साहेबांनी गळ्यातलं डबडं तोंडाशी धरलं, हळूच काही पुटपुटले आणि ते माझ्यासमोर धरलं. डबडं आपल्या भाषेत म्हणालं, की आपण इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल मी आपला आभारी आहे. जपानीत म्हणाले असते तरी मला कळलंच असतं की! पण त्यांना वाटलं असणार, आभार तरी याच्या भाषेत मानावेत. भला माणूस आहे. मीही हसलो. घरी येताना लक्षात आलं, की त्यांनी मला म्हणून बोललेलं हे पहिलंच वाक्य. बाकीचं सगळं माझ्याकडे नुसतं दुसऱ्याला द्यायला दिलेलं होतं.

चिमे, समोर कोणी बोललं की ते पलीकडच्याला द्यायचं, एवढंच मी करत आलो. तुझा आवाज कानावर पडला आणि तो तुझा आहे हेही मला कळलं नाही, इतका मी त्या वहीत होतो. तो प्रश्न माझ्यासाठी असेल असं तर मनातही आलं नाही. मला कोणी काही विचारत नाही ग. त्याची सवयच गेली आहे. काय मिळालं, हे तुझ्यासाठी लिहायला कितीदा बसलो. काही आलं नाही, आणि खोटं तुला लिहिणार नाही. हात वर केला नाहीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू बरोबर ओळखलंस.

हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला वाटतं, मी जाणूनबुजून तिच्याविरुद्ध बोललो. तसंच वाटू दे. तिच्या मुलीने विचारलेलं मला ओळखता आलं नाही, हे कळलं तर तिला त्याहून जास्त लागेल.

माझं टेबल काल उचललं. आता वेळच वेळ आहे. मामावर लोभ असू दे, आणि पुन्हा काही विचारायचं झालं तर कोणी काहीही बजावलेलं असो, आधी मामा म्हणून मोठ्याने हाक मार. मी मान वर करेपर्यंत थांब, आणि मग विचार.

तुझा
मामा