ज्या खुर्चीवरून मी उठले

प्रिय पिकुन,

हे पत्र शेगडीत टाकायचंच असेल, तर वाचून टाक. तेवढ्यात काही तुझ्या गाडीवरची कोंबडी करपत नाही.

तू बोलणं टाकलंस तेव्हापासून घर खायला उठतं. नवरा कधीच गेला, पोरगी बँकॉकला. सकाळी चिकट भात उकडते, तर हात तांदूळ अजून आपल्या दोघींच्या मापानंच घेतो. उरलेल्या भातावर शेजारची बदकं गलेलठ्ठ झालीत. संध्याकाळी कुणाशी तरी भांडावंसं वाटतं आणि भांडायलाही माणूस नाही. बाजारातल्या बायका सांगतात, तुझ्या फायला आता जिना चढवत नाही, तू तिला पाठुंगळी घेऊन वर नेतेस. आठ वर्षांची पोर ती. देणगीतून मिळणारं इंजेक्शन फार दिवस पुरायचं नाही, हेही कळलं. ऐकून जीव तीळतीळ तुटतो.

सरकारी योजनेत कोणता उपचार फुकट द्यायचा ते ठरवणाऱ्या समितीवर मला, एका खेड्यातल्या आरोग्य-स्वयंसेविकेला, बसवलं, तेव्हा बाजारभर मिरवली होतीस तूच. "आमची लमाई आता मोठ्या टेबलाशी बसते हो! तिला साधं पाणी चालायचं नाही, उकळलेलं पाजा!" आणि मीही हुरळले होते. सभा सगळ्यांना फोनवर दिसलीच पाहिजे, लपूनछपून काही नको, हा नियम मला फार आवडायचा.

त्याच फोनवर तू मला पाहिलंस. फायच्या इंजेक्शनचा विषय निघाला. अध्यक्षबाईंनी नेहमीसारखं विचारलं, या आजाराचं कुणाच्या घरात कुणी आहे का? असेल त्यानं बाहेर थांबायचं. मी उठले. तुला दिसली ती माझी पाठ. "परके बसून राहिले, आणि ही पाठ दाखवून गेली," असं तू गाडीवर सगळ्यांदेखत म्हणालीस. लागलं गं.

मी बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी बसले होते. दाराला काच होती, आवाज येत नव्हता. आत हात वर झालेले दिसले, पण मोजायचा धीर झाला नाही. इंजेक्शनला एक मत कमी पडलं. त्याऐवजी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना डायपर मिळाले. त्या डायपरांना मनसोक्त शिव्या द्यायचा बेत होता माझा. पण ते घरोघर वाटायला मलाच जावं लागतं. परवा बुनमा आजोबांच्या सुनेनं माझे हात धरले. म्हणाली, "मावशी, किती दिवसांनी सलग झोपले मी." आता तिच्यावर काय राग काढू? घरी येऊन रडले, आणि समजूत काढायला तू नव्हतीस.

आता लिहायला बसले ते कशासाठी, ते सांगते. सभा संपल्यावर कागद आवरणाऱ्या मुलीनं विचारलं, "मावशी, ती मुलगी तुमची कोण?" मी म्हटलं, "माझ्या स्यावची लेक." शहरातली पोर ती, तिला काय कळणार? रक्ताचं नातं की लग्नाचं, एवढंच तिनं विचारलं. दोन्ही नाही म्हटल्यावर तिनं हातातले कागद खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "मग तुम्ही उठायचं नव्हतं, मावशी. तुम्हाला मत देता आलं असतं." पिकुन, माझ्या ध्यानीमनीही आलं नाही गं. रेशमाच्या जत्रेत म्हाताऱ्यांनी आपल्या दोघींच्या मनगटांना पांढरा दोरा बांधला, आपल्याला जन्माच्या स्याव-बहिणी केलं, तुझी आई माझी आई झाली, तेव्हापासून तू घरचीच. तुला क्षणभर परकी धरली असती, तर फायला ते मत मिळालं असतं. समितीचा मी राजीनामा दिलाय. पुढच्या फेरीत इंजेक्शनचा विषय पुन्हा येईल; तिथे पेशंटची आई ज्याला आपलं म्हणून आणेल, त्याला पेशंटच्या बाजूनं बोलता येतं. मला आण. मला खूप बोलायचंय, आणि या वेळी कुणी बाहेर जा म्हणणार नाही. शनिवारी दुपारी तुझ्या गाडीसमोर येऊन उभी राहते. बोलू नकोस हवं तर. उखळात कच्च्या पपईची कोशिंबीर दोघींपुरती कूट, माझ्या वाटणीत साखर नको, म्हणजे तू मला आणणार हे मी समजेन.

दोऱ्यानं बांधलेली, तुझीच,
लमाई