दुसऱ्या गियरची वारंटी

१८ जून २००१
कुसुमचा हात मोडला. उजवा, मनगटात.
शाळेच्या अलीकडचा चढ. दोघी एकाच शाळेत शिकवतो; ती माझ्या मागं बसलेली, वह्यांची पिशवी मांडीवर. गाडी दुसऱ्या गियरमध्ये चांगली चढत होती. एकदम खट् झालं, गियर सुटला. इंजन नुसतं ओरडून राह्यलं, चाकात जोर नाही. ब्रेक लागेपर्यंत गाडी मागं घरंगळली. मी पाय टेकवून कशीबशी उभी राह्यली. कुसुम मागच्या मागं खाली. हात धरून उठवायला गेली तर किंचाळली.
उटनूरच्या दवाखान्यात प्लास्टर. तिची सासू बाजारातून भाजीची पाटी तशीच टाकून आली. माझ्याकडं पाह्यलं नाही, पण ऐकवलं मलाच. "फटफटी माणसाची चीज. बाईच्या मागं बाईनं बसावंच काऊन?"
मी औषधं आणायला गेली.
गाडी चार महिन्यांची. गियर सुटायची ही चौथी वेळ. शोरूमला दोनदा दाखवून झाली.

१९ जून
मिलिंद म्हणतो, विकून टाकू. त्याच्या एका डोळ्यानं लहानपणापासून दिसत नाही, म्हणून घरात चालवणारी मीच. बायको चालवते, नवरा मागं बसतो, लोक हसतात, आता सवय झाली.
"स्कूटी घे. हलकी राह्यते."
"त्या गोट्याच्या रस्त्यानं स्कूटी? तूच चालव मंग."
बोलायला नको होतं. जेवला आणि नोकरीवर, मंडल ऑफिसला निघून गेला.
एक गोष्ट फक्त इथं लिहिते. माझी मलाच खात्री नाही. क्लच माझ्याकडूनच अर्धा दाबून राह्यला असेल तर?

२३ जून
आदिलाबाद, शोरूम. मॅनेजर माझ्या खांद्यावरून दाराकडं पाहून, "सार रालेदा?" साहेब नाही आले का, म्हणे.
गाडी माझ्या नावावर आहे, मी चालवते. हे मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग तेलुगूत. तिन्ही भाषांत तो तेवढाच हसला.
"मेडम, लेडीज लोग हाफ क्लच पे चलाते. उससे ऐसा होता. वारंटी में नहीं आता."
"पहले भी क्लच प्लेट बदली आपने. दो बार. फिर भी गियर छूटता."
"वोइच बोल रहा मैं. आदत है मेडम आपकी."
"नहीं आता करके लिख के दीजिए."
लिहून द्यायचं म्हटल्यावर हसू थांबलं. आठ दिवस गाडी ठेवा, पाहतो म्हणाला.

२७ जून
सकाळची बस प्रार्थना संपल्यावर पोचते. हेडमास्तरांनी तिसऱ्या दिवशी अर्धी रजा मांडली. कुसुमचा वर्ग पण माझ्याकडंच. तिसरी आणि चौथी एका खोलीत, एकाला पाढे, दुसऱ्याला भूगोल.
स्टाफरूममध्ये राठोड सर म्हणाले, "वंदनाबाई, आता बसच बरी नाही का?"
"बस बरी असती तर गाडी घेतलीच नसती, सर."

३० जून
गाडी मिळाली. जॉब कार्डावर लिहिलंय, चालवून पाहिली, दोष आढळला नाही.
देताना मीटरचा आकडा मी हातावर लिहून घेतला होता. घरी येऊन वहीत उतरवला. आज पाह्यलं, दोन किलोमीटर वाढलेत. शोरूम ते चौक आणि परत. सपाट.
"चढाव पे चलाए क्या?"
"आदिलाबाद में चढाव किधर है, मेडम?"

२ जुलै
सुटला. त्याच चढावर. एकटी होती, म्हणून कोणाला लागलं नाही. पाच मिनिटं गाडी धरून तिथंच उभी. बैलगाडीवाला विचारून गेला, पेट्रोल संपलं का बाई.

४ जुलै
उस्मानभाईंकडं नेली. उटनूरच्या बसस्टँडामागं त्यांचं टपरीवजा गॅरेज. बाबा सालगडी होते तेव्हापासून ओळख, पाटलाच्या विहिरीवरचं इंजन हे दुरुस्त करायचे आणि बाबा पाणी धरायचे. त्यांनी गाडी स्वतः चालवली, मग स्टँडवर लावून चाक हातानं फिरवत कान लावून बसले.
"बेटी, अंदर गियर के दाँत घिसे सो हैं. नई गाड़ी में इत्ते जल्दी नहीं घिसते. माल कच्चा है."
"मेरे चलाने से हुआ क्या?"
"मेरेकू तो नहीं लगता. पन खोले बगैर कसम कैसे खाऊँ?"
"तो खोलो ना."
हात पुसत मान हलवली त्यांनी. "मैं खोला तो वारंटी गई. वो लोगाँ इसकाच इंतज़ार कर रहे."

८ जुलै
रविवार. वारंटीचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं, डिक्शनरी घेऊन. इंग्रजी बारीक अक्षर. क्लच प्लेट वारंटीत नाही, हे खरं. पण गियरबॉक्स आहे. म्हणूनच हा माणूस क्लच, क्लच करून राह्यला!
पत्र लिहायला बसली. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. मिलिंद बाजूला पेपर वाचत होता. उठला, ऑफिसच्या बॅगेतून कार्बन पेपर काढून दिला.
"दरखास्तीत रडायचं नाई. कोणत्या तारखेले काय झालं, काय पाह्यजे, बस. अन् पोच घेतल्याबिगर हलायचं नाई."
गाडी विकायचं बोलला नाही मग दिवसभर.
तीन प्रती. एक शोरूमला, एक माझ्याकडं, एक कंपनीला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्ता होता.

१४ जुलै
शोरूम. मॅनेजर पोच देत नाही म्हणाला. "रख दीजिए टेबल पे, देख लेंगे."
ठेवलं नाही. गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसली, पत्र हातात. डबा उघडून भाकर खाल्ली.
दुपारी इच्चोड्याकडचं एक कुटुंब नवी गाडी घ्यायला आलं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी बी गाडी घ्याले आल्या का, बाई?"
"घेऊन चुकली, बाबा. आता दुरुस्त करून मागून राह्यली." आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून, मोठ्यानं. वर्गात बोलते तसं.
कुसुमच्या हातापर्यंत पोचली नव्हती, तर मॅनेजर स्वतः शिक्का घेऊन आला.

२२ जुलै
कुसुमकडं गेली. अंगणात वांग्याच्या वाफ्याशी बसलेली. डाव्या हातानं तण काढते. सासूनं चहा दिला अन् आत गेली.
कुसुम म्हणाली, "एक गोष्ट खरी सांगजो. गियर तुया हातानं सुटला का?"
नाही म्हणायचं होतं.
"मले मालूम नाई, कुसुम."
तिनं मान डोलावली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

३ ऑगस्ट
कंपनीचं उत्तर! सोमवारी त्यांचा इंजिनिअर आदिलाबादच्या शोरूमला येणार, गाडी घेऊन हजर राहावे. शोरूमनं एका शब्दानं कळवलं नव्हतं.

६ ऑगस्ट
रजा टाकली. मिलिंदनं पण टाकली. आता मॅनेजर म्हणेल, सार आले एकदाचे! पण हा बाहेर चहाच्या टपरीवर बसला. म्हणे, "आत तूच जा. मी आलो तर ते माह्यासंगच बोलतीन."
इंजिनिअर तरुण, हैदराबादचा. मॅनेजरनं त्याला क्लचची कथा आधीच ऐकवलेली. म्हणाला, आमचा मेकॅनिक चालवून दाखवतो.
मी म्हटलं, मीच चालवणार. मागं इंजिनिअर साहेब बसतील. चढापर्यंत.
दोघं एकमेकांकडं पाहत राह्यले. शेवटी तो बसला. मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. गुडीहतनूर ओलांडलं, उटनूरच्या रस्त्याला लागलो, पहिला बरा चढ आला. दुसरा गियर. क्लचवरून बोटं उचलून त्याला दिसतील अशी वर धरली.
खट्.
"रुकिए, रुकिए!"
मग तो चालवायला बसला, मी मागं. खाली उतरून पुन्हा चढवली. पहिल्यांदा नाही सुटला. म्हटलं, अजून एकदा चढवा. दुसऱ्यांदा त्याच्या हातातून सुटला, तसाच, त्याच आवाजानं. गाडी मागं सरकली, त्यानं शिवी दिली, मग सॉरी म्हणाला.
मला हसू फुटलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून हसत होती. त्याला वाटलं असेल बाई वेडी आहे.
मी नव्हती. मी केलं नव्हतं.

७ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर थेट कुसुमकडं. सांगितलं. ती ऐकत होती, सासू दाराआडून ऐकत होती.

१८ ऑगस्ट
त्या दिवशी इंजिनिअरनं गियर बदलायला सांगून गाडी शोरूमला ठेवून घेतलेली. आज तयार, म्हणून निरोप. आतले गियर सगळे नवे. एक फेरी मारून पाह्यली, लोण्यासारखे पडतात. मन एकदम हलकं झालं.
मग मॅनेजरनं सहीला कागद पुढं केला. इंग्रजीत. आता मला त्या भाषेची भीती राह्यली नाही. वाचला. "चालकाच्या चुकीच्या चालवण्याने झालेले नुकसान. विशेष बाब म्हणून विनामूल्य बदलून दिले. ग्राहकाची कोणतीही तक्रार नाही."
"ये लाइन काटो."
"मेडम, फ्री में हो गया ना? अब क्या होना आपको?"
"ये लाइन कटी हुई होना."
"फॉर्मालिटी है, मेडम. कौन पढ़ता?"
"मैं पढ़ी ना."
सही केल्याशिवाय चावी नाही म्हणाला. मी म्हटलं, ठेवा. गाडीवर एकदा हात फिरवला आणि बसस्टँडला चालत आली. बसमध्ये उभं राहून परत. पाय दुखले.

१९ ऑगस्ट
मिलिंद चिडला. "काम झालं होतं. एका सहीपायी गाडी सोडून आली? काऊन?"
"त्यात लिहिलंय, कुसुमचा हात मी मोडला."
"तसं कुठी लिहिलं?"
"चालकाची चूक म्हंजे काय मंग?"
त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग कार्बन पेपर कुठं ठेवलाय विचारलं.

२१ ऑगस्ट
मंडल ऑफिसात शोरूमचा फोन आला म्हणे. सार, तुम्ही येऊन सही करा, गाडी घेऊन जा, मेडम समजून घेत नाहीत. ऑफिसातले सगळे कान लावून बसलेले.
मिलिंदनं सांगितलं, "गाडी बाईच्या नावावर हाय. मले तर चालवता बी येत नाई. त्याइलेच इचारा."
घरी येऊन हे सांगताना स्वतःच खुश होता. मी पोळ्या लाटत होती. पोळी करपली.

२३ ऑगस्ट
कुसुम शाळेत रुजू. प्लास्टर निघालं, मनगट अजून पुरतं वळत नाही. खडू डाव्या हातात धरते.
दोघी बसनं. उशीर झालाच. हेडमास्तरांनी घड्याळाकडं पाह्यलं, आमी त्यांच्याकडं.
येताना विचारलं तिनं, गाडी कधी आणतेस. म्हटलं, ती ओळ काटली की आणते. दुसरं पत्र कंपनीला गेलंय, शनिवारी शोरूमला जाऊन बसणार. नाही काटली तर ग्राहक कोर्ट आहे, मिलिंदनं माहिती काढून ठेवली आहे.
कुसुमनं डाव्या हातानं तिकीट पिशवीत घातलं. मग म्हणाली, "शनिवारी मी बी येते तुयासंग."
"सासूले इचारलं?"
"इचारलं नाई. सांगून ठेवलं."
शनिवारी सकाळची बस. किती वेळ बसावं लागेल काय माहीत. डबे दोन घ्यायचे.